१००, २००, ४०० : एक गाणं पायात बसवताना

डान्स डान्स रेव्होल्यूशन या पायांनी खेळायच्या खेळात फॅसिनेशन मॅक्स हे गाणं निवडलं की गाण्याच्या नावाखाली कर्त्याच्या जागी '१००-२००-४००' एवढंच लिहिलेलं दिसतं. संगीतकार नाओकी माएदा यांचं हे टोपणनाव, आणि गाण्यात पुढे काय होणार ते त्यातच सांगून टाकलेलं आहे. मिनिटाला १०० मात्रांची लय, २०० ची, ४०० ची, पुन्हा मागे. आणि अधूनमधून पडद्यावरचे बाण जागच्या जागी थिजतात. गेला पावसाळा आणि दिवाळीनंतरची थंडी मी या एका गाण्याला दिली. ते कसं बसत गेलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण मला शोधूनही मराठीत कुणी लिहिलेलं सापडलं नाही.

खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डान्स डान्स रेव्होल्यूशन हा कोनामी कंपनीचा खेळ १९९८ मध्ये जपानच्या आर्केडमध्ये आला. पायाखाली डावा, खाली, वर, उजवा असे चार बाण. पडद्यावर तसेच बाण खालून वर सरकत येतात आणि वरच्या रिकाम्या बाणांशी जुळले की त्या क्षणी तो पाय पडायला हवा. २००१ मध्ये मालिकेच्या सहाव्या आवृत्तीत मॅक्स ३०० हे गाणं आलं. शेवटच्या गाण्यात उत्तम गुण मिळवणाऱ्यालाच ते एक्स्ट्रा स्टेज म्हणून खेळायला मिळायचं. मिनिटाला ३०० मात्रा, त्यात अर्ध्या मात्रेची सलग पावलं, म्हणजे सेकंदाला दहा. मग ३२० चं मॅक्स अनलिमिटेड आलं, मग ३३३ चं लेजंड ऑफ मॅक्स. वेग वाढवत नेण्याची ती शर्यतच होती. २००६ च्या सुपरनोव्हा आवृत्तीत फॅसिनेशन मॅक्स आलं तेव्हा शर्यतीचा रोख बदलला. ३०० चं गाणं पोटऱ्या आणि दम यांची परीक्षा घेतं. हे गाणं वाचणाऱ्याची परीक्षा घेतं, आणि मला ते त्यासाठीच मोलाचं वाटतं.

मी इंदूरची, राजेंद्रनगरातली. बाबांनी आयुष्यभर नोकरी सांभाळून तबल्याची संगत केली. मीही त्यांच्याकडेच शिकले, परीक्षा दिल्या, पुढे बँकेत लागले आणि हात सुटला. लय मात्र अंगातून जात नाही. शहरातल्या एका गेमझोनमध्ये भाच्याला घेऊन गेले होते, तिथे कोपऱ्यात नाचाचं एक मशीन होतं. त्याचा डावा बाण दाबलाच जात नव्हता, दोन-तीनदा सांगूनही कुणी दुरुस्त केला नाही. तरी उरलेल्या तीन बाणांवर जे काही झालं त्याने मला धरून ठेवलं. घरी येऊन भाच्याने स्टेपमॅनिया उतरवून घेतलं. हा खेळ संगणकावर खेळण्यासाठी बनलेलं हे खुलं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं आणि अतिशय निगुतीने केलेलं आहे.

पायाखालचं बाणांचं पॅड घरीच करायचं ठरलं. बाजारातली गुंडाळून ठेवायची रेक्झिनची चटई सोप्या गाण्यांना पुरते. अवघड गाण्यात ती पायाखालून सरकते आणि बाणाची कड कळत नाही. आर्केडच्या मशीनवर एकेक बाण साधारण अकरा इंचांचा असतो, तेच माप धरून सुताराकडून अठरा एमएमच्या प्लायवर तीन बाय तीनची चौकट करून घेतली. सियागंजातून जीआयचा पत्रा आणला, जेल रोडवरून वायर आणि दाबलेला बाण संगणकाला कळवणारं यूएसबीचं एन्कोडर बोर्ड. प्रत्येक बाणात पत्र्याचे दोन तुकडे, मध्ये कडेकडेने फोमच्या पट्ट्या. वरून पाय पडला की फोम दबतो, पत्र्याला पत्रा लागतो, सर्किट पूर्ण होतं. फोम किती जाड घ्यायचा यावर सगळं अवलंबून. जाड झाला तर पाय आपटावा लागतो आणि टाचा दुखतात. पातळ झाला तर शेजारच्या बाणावर नुसता भार गेला तरी तो वाजतो. आम्ही शेवटी दाराच्या फटीला लावायची तीन एमएमची पट्टी वापरली, कडांना पूर्ण आणि मध्ये तुटक. मागे धरायला नळ फिटिंगच्या पाइपचा कठडा. खाली जुनी सतरंजी दुहेरी घालून त्यावर पॅड, कारण खालच्या मजल्यावर एक आजी दुपारी झोपतात आणि त्यांची झोप मोडून मला कुठलंच गाणं शिकायचं नव्हतं.

यानंतर येतं जुळवणीचं काम, ज्याकडे नवे खेळाडू लक्ष देत नाहीत. खेळ प्रत्येक पावलाची वेळ मोजतो. स्टेपमॅनियाच्या नेहमीच्या मापात 'परफेक्ट' मिळायला पाऊल ठरलेल्या क्षणाच्या अलीकडे-पलीकडे ०.०४५ सेकंदात पडायला हवं, आणि त्याहून वरच्या 'मार्व्हलस'साठी त्याच्याही निम्म्यात. टीव्ही चित्र दाखवायलाच तेवढा वेळ खात असेल तर तुमची लय कितीही पक्की असो, गुण मिळणार नाहीत. म्हणून आधी टीव्ही गेम मोडवर टाकला, मग एफ-सहाचं बटण दाबून ऑटोसिंक चालू केलं आणि ओळखीचं, एकाच लयीतलं गाणं शांतपणे वाजवलं. पावलं सरासरी किती पुढे-मागे पडतात ते पाहून खेळ स्वतःच फरक भरून काढतो. तबला ठोकून सुरात आणल्याशिवाय आपण बसत नाही, तसंच हे. ही पायरी कुणीही गाळू नये.

आता मुख्य गाणं.

बाण किती वेगाने सरकणार हे दोन गोष्टींवर ठरतं : गाण्याची लय आणि तुम्ही निवडलेली वेगाची पट. दीडपट घेतली तर माझ्या पडद्यावर एका वेळी जवळपास चार मात्रा मावतात. १०० च्या लयीत या चार मात्रा म्हणजे २.४ सेकंद. बाण खालून निघालेला दिसतो, विचार करायला वेळ मिळतो. ४०० च्या लयीत त्याच चार मात्रा म्हणजे ०.६ सेकंद. आणि लय बदलते तेव्हा फक्त नवे बाण वेगाने येतात असं नाही, पडद्यावर आधीपासून असलेले सगळेच बाण एकदम झेप घेतात. तीनपट घेतली तर १०० ला आरामात वाचता येतं, पण ४०० ला नुसते रेघांसारखे दिसतात. एकपट घेतली तर ४०० सुसह्य होतं, पण १०० ला बाण एकमेकांवर चढल्यासारखे गर्दी करतात. एक पट सगळीकडे चालेल असं या गाण्यात होत नाही, आणि ती गाणं सुरू होण्याआधीच निवडायची असते.

स्टेपमॅनियात यावर एक सोय आहे. 'सी' प्रकारचा वेग निवडला तर लय काहीही असली तरी बाण एकाच चालीने येतात, थांबेसुद्धा दिसत नाहीत, त्यांच्या जागी दोन बाणांत नुसतं जास्त अंतर दिसतं. सुरुवातीला पावलांची चाल कळावी म्हणून मी ती वापरली. पण त्यावर गाणं पूर्ण करून थांबणं मला पटलं नाही. सुपरनोव्हाच्या खेळाडूंना अशी सोय नव्हती, आणि ज्याने '१००-२००-४००' अशी सही केली त्याने बाणांचं हे धावणं-थिजणंही रचलेलंच आहे. ते काढून टाकलं तर गाण्याचा अर्धा भाग गेला.

दीडपटीवर मी कित्येक संध्याकाळी त्याच जागी अडत राहिले. २०० वरून ४०० वर जाताना पाय लवकर पडायचा, १०० वर उतरताना उशिरा. दोन्हीकडे बाण बघून पाय टाकत होते.

बाबा पलीकडच्या खोलीत असतात. त्यांना पडदा दिसत नाही, फक्त गाणं आणि फळीवरची माझी पावलं ऐकू येतात. एक दिवस ते दारात येऊन उभे राहिले.

"काय गं, सारखी अडतेस कुठे? लय तर सरळ आहे."

"अहो बाबा, लयच बदलते ना. शंभर, मग दोनशे, मग चारशे."

"मग बदलली कुठे? एकपट, दुगुन, चौगुन. मात्रा तीच आहे. तू पायाने मोजत नाहीयेस, डोळ्यांनी मोजते आहेस."

ते आत जाऊन बसले आणि मांडीवर टाळी-खाली देऊ लागले. मी गाणं परत लावलं, पडद्याकडे पाठ करून. न खेळता नुसतं ऐकलं. त्यांचा हात मधल्या २०० वर होता. गाणं १०० वर उतरलं की त्यांच्या दोन मात्रांत एक ठोका बसायचा, ४०० वर चढलं की एका मात्रेत दोन. हात जागचा हलला नाही.

त्या रात्री मी गाण्याची फाइल उघडली. स्टेपमॅनियाच्या एसएम फाइली साध्या मजकुराच्या असतात, नोटपॅडमध्येही वाचता येतात. एका ओळीत कुठल्या मात्रेवर कुठली लय लागते ते लिहिलेलं, दुसऱ्या ओळीत कुठल्या मात्रेवर किती सेकंदांचा थांबा ते. त्याखाली पावलं, आकड्यांच्या ओळींत. वही घेऊन मी सगळं आपल्या लिपीत उतरवायला बसले, आणि हिशेब मांडता मांडता अशी गोष्ट दिसली की मी ती बाबांना उठवून दाखवली.

१०० च्या लयीत पाव मात्रेची पावलं म्हणजे दोन पावलांत ०.१५० सेकंद. २०० च्या लयीत अर्ध्या मात्रेची पावलं म्हणजे ०.१५० सेकंद. ४०० च्या लयीत पूर्ण मात्रेची पावलं म्हणजे तेही ०.१५० सेकंदच! पायाला तिन्ही ठिकाणी तेच काम आहे. डोळ्यांना मात्र तीन वेगळी चित्रं दिसतात. १०० ला बाण दाटीवाटीने उभे, म्हणून वाटतं आता फार जलद पावलं टाकायची आहेत. ४०० ला बाण ऐसपैस अंतरावर, म्हणून वाटतं सवड आहे. प्रत्यक्षात दाटीचे बाण सावकाश सरकतात आणि ऐसपैस बाण अंगावर धावून येतात, आणि दोन्हींचा हिशेब एकाच ठिकाणी येऊन मिळतो. बाणांच्या रंगातही हे दिसतं. माझ्या नोटस्किनमध्ये, म्हणजे बाणांच्या निवडलेल्या रूपात, पूर्ण मात्रेवरचा बाण लाल आणि अर्ध्या मात्रेवरचा निळा. २०० च्या लयीत लाल-निळा-लाल-निळा अशी येणारी ओळ, तीच चाल ४०० मध्ये लिहिली की सगळी लाल होते.

थांब्यांचंही असंच. थांबा लागला की बाण थिजतात, वेळ थिजत नाही. २०० च्या लयीत ०.३०० सेकंदांचा थांबा असेल तर तो बरोबर एक मात्रा, ०.१५० चा असेल तर अर्धी. वहीत मी थांब्याच्या जागी मात्रेत बसेल तिथे अवग्रह (ऽ) लिहिला, जसा तबल्याच्या बोलांत लिहितो, आणि जिथे हिशेब सरळ बसला नाही तिथे गाण्यातला कुठला आवाज ऐकून पुढचं पाऊल टाकायचं त्याची खूण केली. मग पायाला हात न लावता, म्हणजे पॅडवर न चढता, ती वही तोंडाने म्हणायची. पढंत. तबल्यात आधी पढंत पक्की होते आणि मगच हात बसतो, हे लहानपणापासून ऐकलेलं. इथे पाय होते एवढाच फरक.

सगळ्यात अवघड काय गेलं असं मला विचारलं तर मी १०० सांगेन. ४०० मध्ये मात्रा इतक्या जवळ असतात की दोन मात्रांमध्ये चुकायला जागाच उरत नाही. १०० मध्ये दोन मात्रांत ०.६ सेकंदांची पोकळी असते आणि मन त्यात भरकटतं. इथे मला इंदूरचीच शिकवण उपयोगी पडली. उस्ताद अमीर खाँसाहेब या शहराचे. आमच्याकडे त्यांचं गाणं सकाळी चहाबरोबर लागतं. ते अतिविलंबित झूमरा गातात तेव्हा चौदा मात्रांच्या त्या ठेक्यात एकेक मात्रा इतकी लांब असते की नवखा ऐकणारा सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, विसरून जातो. बाबा सांगतात, त्या लयीत संगत करणारा तबलजी मात्रा मोजत नाही, मात्रेच्या आतले तुकडे मोजतो. मनातल्या मनात आत तिरकिट चालू असतं, म्हणून तो समेवर डळमळत नाही. मी १०० च्या भागात तेच केलं. लाल बाणांमध्ये मनात भरणा ठेवला, प्रत्येक मात्रेचे चार तुकडे, तोंडातल्या तोंडात 'तिरकिट तिरकिट'. थांबा लागला तरी तिरकिट बंद होऊ द्यायचं नाही. बाण थिजले असताना ओठ हलत राहायला हवेत. भाच्याला वाटलं मावशी जप करते आहे.

मग एकेक तुकडा घेतला. स्टेपमॅनियाच्या एडिटरमध्ये गाण्याचा हवा तेवढा भाग निवडून तेवढाच पुन्हा पुन्हा वाजवता येतो, पॅडवरून पायानेही. लय बदलते त्या सांध्याच्या आधीच्या चार आणि नंतरच्या चार मात्रा, एवढंच. सांधा ओलांडताना नजर कुठे ठेवायची हेही शिकावं लागलं. वर, रिकाम्या बाणांजवळ नजर ठेवली तर ४०० ची झेप कळायला उशीर होतो. अगदी खाली ठेवली तर १०० ला घाई होते. मी पडद्याच्या मध्याच्या जरा खाली नजर स्थिर ठेवली आणि पुढचे बाण वाचून घ्यायची सवय केली : वाचलं की मनातल्या लयीवर सोडून द्यायचं, बाण वर पोचतो की नाही ते बघत बसायचं नाही. यासाठी चाल पाठच असावी लागते. पाठ करण्याला काही खेळाडू कमी लेखतात. मला ते अजिबात मान्य नाही. ख्यालाचा मुखडा पाठ असतो म्हणून गायकाला कुणी कमी लेखत नाही.

पायाबद्दल दोन गोष्टी. मध्ये परत यायचं नाही. सुरुवातीला प्रत्येक बाण दाबून पाय मधल्या रिकाम्या चौकोनात आणायची सवय असते, तिथे दुप्पट पावलं खर्च होतात. पाय बाणावरच राहू द्यायचे, पुढचं पाऊल दुसऱ्या पायाने, आलटून पालटून. आणि पाय उचलायचा नाही, टाच जेमतेम सुटेल एवढाच हलवायचा. ०.१५० सेकंदांत गुडघा वर नेऊन परत आणायला वेळ नसतो. कठडा मी धरला. त्यावरही मतभेद आहेत, पण सलग पावलांत कंबर स्थिर राहते आणि पायावरचा भार हलका होतो, तर का धरू नये?

आधी या गाण्याची 'डिफिकल्ट' पातळी पक्की केली, मग 'एक्स्पर्ट'ला हात घातला. तिथे पावलं भरगच्च, म्हणून नव्याने वही लिहावी लागली. पण लयीचे सांधे तेच, थांबे तेच, त्यामुळे पढंतीचा सांगाडा तयार होता. गाण्याचा वेग ०.८ पट करून महिनाभर घातला. वेग कमी केला की तिन्ही लयी सारख्याच प्रमाणात उतरतात, दुगुन-चौगुन शाबूत राहते, म्हणून हा सराव फुकट जात नाही.

डिसेंबरात एका रविवारी एक्स्पर्ट पूर्ण झालं. बाबा खुर्ची घेऊन बसले होते, टाळी देत. शेवटच्या भागात लाइफ बार इतका खाली आला होता की आणखी दोन-तीन बाण सुटते तर गाणं तिथेच बंद पडलं असतं. पण सुटले नाहीत. भाच्याने आरडाओरडा केला आणि खालच्या आजी वर आल्या. मी घाबरले, पण त्या नुसतं काय झालं ते बघायला आल्या होत्या, आणि त्यांनी सगळं परत दाखवायला लावलं. पाय थरथरत होते, तरी 'डिफिकल्ट' खेळून दाखवलं.

नंतर निकालाचा पडदा नीट पाहिला आणि वहीशी ताडून बघितला. ४०० च्या भागात माझे बाण फारसे सुटलेच नव्हते. सुटले ते थांब्यांनंतरचे पहिले बाण, आणि १०० च्या भागात मिळाले 'परफेक्ट'च्या खालचे 'गुड' आणि 'ग्रेट', बहुतेक सगळे लवकर पडलेले. म्हणजे भरणा अजून घाईत होतोय. सध्या मी रोज संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं पॅडवर न चढता बाबांसमोर बसते. ते झूमऱ्याचा ठेका धरतात, जितका विलंबित धरता येईल तितका, आणि मी टाळीने फक्त सम दाखवायची. सम चुकली तर ते थांबत नाहीत, ठेका तसाच पुढे नेतात आणि पुढच्या समेची वाट बघायला लावतात. भाच्याने मॅक्स ३०० ला हात घातला आहे, त्याच्या पोटऱ्या तरुण आहेत. पॅडच्या उजव्या बाणातला फोम दबून गेलाय, तो या आठवड्यात बदलायचा आहे.